सायकल न्यायला गाडी कोणती? कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी राइड, सोमवारी दुरुस्ती, हा आमच्या सायकल दुकानाचा ठरलेला क्रम. सोमवारी येणाऱ्या सायकलींत पडून मोडलेल्या थोड्याच. बाकीच्यांचा हँगर (मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) वाकलेला, ब्रेकच्या डिस्कला बाक आलेला, नाहीतर फ्रेमचा रंग पट्ट्याने सोललेला. हे चालवताना झालेलं नसतं, गाडीतून नेताना झालेलं असतं. मग दुरुस्ती होईस्तोवर गाडीचीच चौकशी चालते. काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते विचारलं जातं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

माझं मत आधीच सांगतो: सायकल गाडीच्या आत बसत असेल तर बाहेर टांगू नका. खालची बरीचशी उत्तरं यातूनच निघतात.

सायकलींसाठी गाडी घ्यायचं ठरलंय. आधी काय बघू?

गाडी नंतर, आधी घरातल्या सायकली मोजा. रोड बाईक साधारण साडेपाच फूट भरते, २९ इंची चाकाची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) सहा फुटांच्या वर जाते. पुढचं चाक काढलं की फूट-सव्वा फूट वाचतो. दोन्ही चाकं काढली तर रोड बाईकचा सांगाडा साडेतीन फुटांच्या आसपास उरतो. रोड बाईकचा हँडल ४० ते ४४ सेंटिमीटर रुंद असतो, एमटीबीचा ७२ ते ७८. दोन एमटीबी शेजारी शेजारी लावताना अडतं ते या हँडलपाशीच.

मग स्वतःला तीन गोष्टी विचारा. किती सायकली, सोबत किती माणसं, आणि दर वेळी चाक काढायचा कंटाळा आहे की नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक शोरूममध्ये एक देतात आणि पहाटे साडेचारला दुसरं.

टेस्ट ड्राइव्हला जाताना सायकल आणि मोजायची टेप घेऊन जा. सेल्समन हसेल, हसू दे. सीट पाडून, डिकी उघडून सायकल प्रत्यक्ष आत घालून बघा. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

डिकी किती लिटरची हे माहितीपत्रकात दिलेलं असतं की. त्यावरून अंदाज येत नाही का?

नाही. वॅगनआरची डिकी ३४१ लिटर आणि अर्टिगाची २०९. आकडे वाचून कुणीही वॅगनआर घेईल. पण अर्टिगाचे २०९ हे तिन्ही रांगा उभ्या असताना. तिसरी रांग पाडली की ते ५५० होतात आणि दुसरीही पाडली की ८०३. म्हणजे आकडा कुठल्या अवस्थेतला आहे हे आधी बघायचं.

त्यातून लिटर हे बॅगा आणि पिशव्यांचं माप. सायकलला तीन मापं लागतात: डिकीच्या दाराची उंची, दाराची रुंदी, आणि सीट पाडल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतची सलग लांबी. चौथं माप सहसा कुणी घेत नाही, ते म्हणजे डिकीचा उंबरठा जमिनीपासून किती वर आहे. उंच एसयूव्हीत चौदा किलोची सायकल कमरेच्या वर उचलून आडवी सरकवावी लागते. राइड करून दमलेल्या माणसाच्या हातून तिथंच ती सुटते आणि चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या चक्रीचे, दात बंपरवर उमटतात.

अजून एक सांगायचं तर मागची काच तिरकी असलेल्या गाड्या दिसायला भारी, पण हँडल नेमका त्या उतारालाच अडतो. डब्यासारखी सरळ पाठ असलेली गाडी सायकलला बरी.

घरात स्विफ्ट आहे. तेवढ्यासाठी दुसरी गाडी घ्यायलाच पाहिजे का?

एक सायकल आणि दोन माणसं असतील तर अजिबात नको. स्विफ्ट, बलेनो, वॅगनआर, टियागो, कुठलीही हॅचबॅक चालते. मागची सीट पाडायची, दोन्ही चाकं काढायची आणि सांगाडा आडवा ठेवायचा. ठेवण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या, कारण सोमवारच्या दुरुस्त्यांचं मूळ इथंच आहे.

मागचं चाक काढायच्या आधी चेन सर्वांत लहान चक्रीवर आणा. त्यामुळे चाक सहज निघतं. खाली जुनी वाकळ अंथरा. रगापेक्षा वाकळ बरी, जाड असते आणि घसरत नाही. चेनची बाजू वर ठेवून सायकल झोपवा. ती खाली गेली की सगळं वजन डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या मागच्या भागावर) येतं आणि हँगर वाकतो. हँगर हा मुद्दाम मऊ ठेवलेला भाग. फ्रेम वाचावी म्हणून तो आधी वाकतो, पण वाकला की गिअर नीट पडत नाहीत.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड असतात तिथं, प्लास्टिकचा स्पेसर घाला. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते. चाक नसताना कुणी ब्रेकचा लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही. हे बहुधा गाडीतल्या लहान मुलाच्या हातून होतं. काढलेली चाकं सांगाड्याच्या वर ठेवा, खाली नको. डिस्क फ्रेमच्या बाजूला येऊ देऊ नका.

सेडान असेल तर डिकीचा नाद सोडा. चाकं काढून सायकल मागच्या सीटवर उभी ठेवा, बहुतेक वेळा बसते.

दोन सायकली आणि तीन माणसं नेहमीची. अर्टिगा, ट्रायबर, इको, इनोव्हा की बोलेरो?

यावर मी तासभर बोलू शकतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच.

कमी पैशांत सायकलला सोयीची गाडी म्हणजे ट्रायबर. चार मीटरच्या आत बसणारी, पण तिसऱ्या रांगेच्या सीट अख्ख्या काढून घरी ठेवता येतात. सातही सीट लावल्या तर डिकी ८४ लिटर, म्हणजे नावालाच. तिसरी रांग काढली की ६२५. दुसऱ्या रांगेचा एक भाग पाडायचा, दुसऱ्यावर तिसरा माणूस बसवायचा, आणि पुढची चाकं काढलेल्या दोन सायकली लांबीने आत घ्यायच्या. पाच-सहा माणसं घेऊन घाट चढताना इंजिन दमतं हे खरं, पण तो वेगळा हिशोब.

अर्टिगा जवळजवळ ४.४ मीटर लांब. दुसरी रांग ६०:४० पडते, तिसरी जमिनीला जवळजवळ सपाट होते. घरच्यांनाही आवडते आणि विकताना किंमत येते. घरी सायकलचं वेड एकट्यालाच असेल तर अर्टिगा घ्या, वाद होत नाहीत.

इनोव्हा क्रिस्टाचं मात्र आधी बघून घ्या. गाडी मोठी, पण तिसऱ्या रांगेच्या सीट दुमडून दोन्ही बाजूंना टांगल्या जातात आणि नेमकी रुंदीच खातात. हायक्रॉसमध्ये तिसरी रांग खाली सपाट होते. सायकलवाल्यासाठी या दोघींत हा फरक मोठा आहे.

इको दिसायला साधी, कामाला चोख. उंच छत, सरकते दरवाजे, सरळ पाठ. पाच सीटच्या इकोत सीटच्या मागेच भरपूर जागा असते. हायवेवर आडवा वारा लागला की हलते, लांबच्या प्रवासात कंबर बोलते. पण गाडी रोज धंद्याला वापरून रविवारी सायकली न्यायच्या असतील तर दुसरीकडे बघू नका.

बोलेरो तर निम्म्या गावाकडे आहेच. मागच्या समोरासमोरच्या सीट उचलल्या की मधली जागा मोकळी होते. मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते, म्हणून मागे भिंतीला लावून पार्क केली की सायकल काढता येत नाही. दाराला कॅरिअर लटकवायचा विचारही करू नका. स्टेपनीचं वजन आधीच त्या बिजागऱ्यांवर आहे.

सीएनजी घेतली तर?

वॅगनआर, अर्टिगा, इको यांच्या कंपनीच्या सीएनजी मॉडेलमध्ये टाकी डिकीत येते. पेट्रोलचे पैसे वाचतात, सायकलची जागा जाते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, त्यात बरीच जागा शिल्लक राहते. गॅसवरचीच गाडी हवी असेल तर हा पर्याय बघा. पण सीट पाडल्यावर तळाला मध्ये पायरी येते का, तेही हात घालून बघा.

डिकीवर पट्ट्याने बांधायचा कॅरिअर स्वस्त मिळतो. तो का नको म्हणता?

सरसकट नको असं नाही. वर्षातून चार वेळा, दोन हलक्या सायकली, दिवसाचा प्रवास, एवढ्यासाठी चालतो. अडचणी तीन आहेत.

पहिली नंबर प्लेटची. सायकल लटकली की मागची प्लेट झाकली जाते, बऱ्याचदा टेललाइटही. काही देशांत कॅरिअरवर जादा प्लेट लावतात. आपल्याकडे हाय सिक्युरिटी प्लेट गाडीलाच पक्की केलेली असते आणि दुकानातून रंगवून आणलेली तिसरी प्लेट कायद्यात बसत नाही. पोलिसांनी अडवलं तर वाद घालायला जागा नसते. दुसरी, बऱ्याच गाड्यांच्या मागच्या दाराला वर प्लास्टिकचा स्पॉयलर असतो आणि पट्ट्याचा हूक तिथंच अडकवावा लागतो. प्लास्टिक ते वजन धरत नाही. तिसरी, वाटेत डिकी उघडायची झाली तर सगळं उतरवावं लागतं. पंक्चर झाल्यावर हे आठवतं.

वापरणारच असाल तर चाकांना वेगळा पट्टा बांधा, नाहीतर वाऱ्याने ती फिरत राहतात. सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. आणि तावडे हॉटेलवरून निघालात तर किणीच्या टोलनाक्याआधी एकदा बाजूला थांबून सगळे पट्टे परत ओढा. नवीन पट्टा पहिल्या काही किलोमीटरमध्येच सैल होतो.

आणि छतावरचा कॅरिअर?

प्लेट दिसते, डिकी उघडते, सायकली एकमेकींना घासत नाहीत. कॅरिअरच घ्यायचा झाला तर मी छतावरचा घेईन. पण आधी गाडीचं मॅन्युअल उघडून छतावर किती किलो चालतं ते वाचा. बऱ्याच गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात. ट्रायबरचे रेल ५० किलोपर्यंत धरतात. या ५० मध्ये आडवे दांडे आणि कॅरिअरचं वजनही मोजायचं असतं. सनरूफ असेल तर जास्तच काळजी.

उंचीचा हिशोब डोक्यात पक्का ठेवा. वॅगनआर १.६७५ मीटर उंच, वर सायकल चढवली की पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. अपार्टमेंटचं तळघर, हॉटेलचा पोर्च, पार्किंगचा आडवा दांडा, पन्हाळ्याच्या वाटेवर खाली आलेली झाडाची फांदी, हे सगळं त्या उंचीत येतं. घरी परतताना माणूस पेंगुळलेला असतो आणि स्वतःच्याच गेटच्या कमानीला सायकल धडकवतो. स्टिअरिंगसमोर कागद चिकटवा: ‘वर सायकल आहे’.

उद्यमनगरातून स्टँड बनवून घेतला तर? कंपनीचे लई महाग आहेत.

उद्यमनगरात काय बनत नाही! काम चांगलंच होईल. प्रश्न स्टँड कशाला जोडणार याचा आहे. छताच्या दांड्यांना नटबोल्टने बसणारा आणि काढता येणारा स्टँड असेल तर बिनधास्त करा. चौकोनी पाइपपेक्षा ॲल्युमिनियमची चॅनेल घ्या आणि फ्रेम टेकते तिथं पाण्याच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी बसवा.

गाडीच्या चेसिसला किंवा बंपरला वेल्डिंग करून कायमचं काही जोडू नका. कंपनीने बनवलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. पुढे अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

आम्ही आठ-दहा जण आहोत. ग्रुपसाठी पिकअप घ्यावा का?

घेऊ नका, भाड्याने करा. वर्षातून पाच-सहा वेळा लागणाऱ्या गाडीचा टॅक्स, विमा, पासिंग कोण भरणार यावरूनच ग्रुप फुटतात. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. त्यात पाच-सहा सायकली नीट बसतात. आठ-दहा असतील तर बोलेरो पिकअप सांगा.

स्वतः चालवायचं असेल तर एक गैरसमज दूर करतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण हौद्यात माणसं बसवायची नाहीत. ‘सायकली धरायला दोघं मागे बसतात’ हे वाक्य आमच्याकडे नेहमी ऐकू येतं. ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही. पट्टे नीट बांधले तर धरायला माणूस लागत नाही. तसंच चाक किंवा हँडल बॉडीच्या बाहेर येऊ देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हद्दीबाहेर माल काढल्याचा दंड २०,००० रुपये आहे. तेवढ्यात एक बरी सायकल येते.

स्वतःची हौस म्हणून पिकअपच हवा असेल तर इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स पांढऱ्या प्लेटवर, म्हणजे खासगी गाडी म्हणून, मिळतात. पैसे असतील तर नाद खुळा गाड्या आहेत. महाद्वार रोडच्या गर्दीत मात्र नेऊ नका.

टेम्पोत सायकली कशा लावायच्या?

झोपवायच्या नाहीत, एकीवर एक तर कधीच नाही. उभ्या लावा, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. त्यामुळे हँडल एकमेकांना अडत नाहीत. पहिली सायकल केबिनच्या बाजूला चेनची बाजू आत येईल अशी लावा आणि दोन सायकलींच्या मध्ये वाकळ किंवा घडी घातलेलं गोणपाट. पेडल काढता आले तर काढाच, शेजारच्या सायकलच्या स्पोकमध्ये तेच घुसतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून क्रँक खराब कराल.

बांधायला रॅचेट पट्टा घ्या, पण कचकचून आवळू नका. दोर फ्रेमवरून न नेता सीटखालच्या दांड्यावरून आणि चाकावरून न्या. जुन्या ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या सगळ्यात उत्तम: ताण देतात, रंग सोलत नाहीत, आणि पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. शेवटी फाळका लावला की त्यालाही एक ट्यूब बांधा.

कार्बन फ्रेम आहे.

मग आतच. टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या दांड्याला) पकडणारा कुठलाही कॅरिअर वापरू नका. तडा गेला तरी वरून दिसेलच असं नाही.

इलेक्ट्रिक सायकल कशी न्यायची?

वजन २० ते २५ किलो, म्हणून छत बाद. डिकीवरचे स्वस्त कॅरिअरही बाद. बॅटरी काढून गाडीत पायाशी ठेवा, वजन तीन-चार किलोने उतरतं. उचलायला दोघं नसतील तर उंबरठा कमी असलेली गाडी बघा किंवा फळीचा रॅम्प करून घ्या.

एसटी किंवा रेल्वेने नेता येते का? मग गाडीच नको.

रेल्वेने येते. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुक करून ती ब्रेक व्हॅनमधून जाते. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे इथं चढवायला घाई नसते. उतरायचं स्टेशन दोन मिनिटं थांब्याचं असेल तर मात्र अवघड होतं. हँडलला नाव, पत्ता आणि पावतीचा नंबर लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल बांधा, डिरेलरवर फोम गुंडाळा. एसटीच्या टपावर पूर्वी सायकली सर्रास जायच्या. आता टपावर कॅरिअर असलेल्या बस कमी झाल्या, आधी डेपोत विचारा. रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सच्या पोटातल्या डिकीत सायकल जाते, पण पैसे चढायच्या आधी ठरवा. चढल्यावर भाव बदलतो.

पावसात बाहेर टांगून नेली तर काय होतं?

ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीवरची सायकल म्हणजे प्रेशर वॉशरखाली धरल्यासारखी. पाणी हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेअरिंगमध्ये), चाकाच्या हबमध्ये आणि पेडलच्या मधल्या ब्रॅकेटमध्ये घुसतं आणि ग्रीस धुऊन नेतं. गगनबावड्याकडे पावसात जाणाऱ्यांनी सायकल आत घ्यावी किंवा निदान सीटवर आणि हँडलवर प्लास्टिक बांधावं. अख्खी सायकल ताडपत्रीत गुंडाळू नका, तिचं शीड होतं आणि कॅरिअर उखडतो. पंचगंगेला पूर आला तर राइडचाच बेत सोडा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं.

पन्हाळ्याला जायला कुठली गाडी बरी?

वीस किलोमीटर आहे हो. सायकलवरच जा.

बीआरएम संपल्यावर स्वतः गाडी चालवत परत येतो. चालेल ना?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. ती वेळेत संपवून जेवण, थोडी झोप घेतली तर ठीक. ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. त्यानंतर पुण्याहून कोल्हापूरपर्यंत गाडी हाकणं म्हणजे खंबाटकीत डोळा लागायला निमंत्रण. राइड न करणारा एक ड्रायव्हर सोबत न्या. म्हणजे गाडी निवडताना एक सीट त्याचीही धरा, हे बरेच जण विसरतात.

पोरांच्या सायकली?

लहान चाकं, सहज बसतात. फक्त खाली वाकलेल्या दांड्याच्या आणि लेडीज सायकली टांगायच्या कॅरिअरवर बसत नाहीत, मध्ये वेगळा आडवा बार लावावा लागतो.

सेकंडहँड गाडी बघतोय, सायकलच्या दृष्टीने काय तपासू?

मागची सीट पाडून आणि परत उभी करून बघा, लॉक कट्ट वाजून बसलं पाहिजे. डिकीच्या दाराचे गॅसचे दांडे थकलेले असतील तर हातात सायकल असताना दार डोक्यावर येतं. ते बदलायला फार खर्च नाही, पण भाव पाडायला कारण मिळतं. छताला जुने भोक किंवा सिलिकॉन दिसलं तर पावसात गळते का ते विचारा. गाडीला पूर्वी गॅसकिट होतं का, ते आरसीवर बघा.

मुक्कामाला सायकल रात्री गाडीतच ठेवली तर चालेल का?

बाहेर कॅरिअरवर तर नकोच, कुलूप असलं तरी. गाडीच्या विम्यात वर टांगलेली सायकल सहसा धरलेली नसते. आत ठेवायची असेल तर वाकळ वर ओढून झाका आणि गाडी उजेडात लावा. हॉटेल बुक करतानाच ‘सायकल खोलीत नेऊ देता का’ हे फोनवर विचारून घ्या. गोव्याच्या बाजूला आणि महाबळेश्वरला बरेच जण हो म्हणतात, फक्त चाकं पुसून आत या एवढीच अट असते.